डोप टेस्टचं मशीन नेमकं काय सांगतं? जलतरणपटू शायना जॅकच्या केसमधून समजून घेऊया

आपण इथे नेहमी फोनचे सेन्सर, कॅमेरा, बॅटरी यांच्यामागचं तंत्रज्ञान बघतो. आज विषय थोडा वेगळा आहे. ‘अमुक खेळाडू डोप टेस्टमध्ये फेल’ अशी बातमी आली की आपण दोन सेकंदात निकाल लावून मोकळे होतो. पण ती टेस्ट करणारं मशीन नेमकं काय मोजतं? आणि त्या आकड्यावरून एखाद्याला फसवणूक करणारा ठरवता येतं का?

हे समजायला ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू शायना जॅक हिची केस मला सगळ्यात उपयोगी वाटली. कारण या केसमध्ये मशीन चुकलं नव्हतं, तरीही खरा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

शायना जॅक कोण आहे?

शायनाचा जन्म १९९८ चा, गाव ब्रिस्बेन. फ्रीस्टाइल स्प्रिंट म्हणजे ५० आणि १०० मीटर हे तिचे प्रकार. ऑस्ट्रेलियात पोहणं हा आपल्याकडच्या क्रिकेटसारखा विषय आहे आणि महिलांची ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिले म्हणजे त्यांची हुकमी शर्यत. या टीममध्ये जागा मिळवणं हेच मोठं काम.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या १९ व्या वर्षी शायना या रिलेत पहिली पोहली. तिच्यासोबत ब्रॉन्टी कॅम्पबेल, एमा मॅकिऑन आणि केट कॅम्पबेल होत्या. चौघींनी ३ मिनिटं ३०.०५ सेकंदात विश्वविक्रम केला. पुढचं लक्ष्य होतं २०१९ ची जागतिक स्पर्धा आणि मग टोकियो ऑलिंपिक.

२०१९ मध्ये काय झालं?

२६ जून २०१९ ला शायनाची लघवीची चाचणी झाली. ही स्पर्धेबाहेरची, न सांगता केलेली टेस्ट होती. जुलैमध्ये ती टीमसोबत जपानमधल्या सराव शिबिरात असताना तिला निकाल कळवला गेला: नमुन्यात लिगॅन्ड्रॉल सापडलं आहे. ती शिबिर सोडून घरी परतली. बाहेर कारण सांगितलं गेलं ‘वैयक्तिक’.

आता योगायोग बघा. २१ जुलैला दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू इथे ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चीनचा सुन यांग पहिला आला आणि ऑस्ट्रेलियाचा मॅक हॉर्टन दुसरा. सुन यांगवर २०१४ मध्ये डोपिंगसाठी तीन महिन्यांची बंदी आली होती. हॉर्टनने निषेध म्हणून त्याच्यासोबत पोडियमवर उभं राहायला नकार दिला. जगभर चर्चा झाली. आणि सहाच दिवसांनी, २७ जुलैला, शायनाची बातमी फुटली. मग काय, ‘दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणत सोशल मीडियावर सगळे ऑस्ट्रेलियावर तुटून पडले. शायना सांगत होती की मी हे जाणूनबुजून घेतलेलं नाही. पण पकडला गेलेला प्रत्येक जण तेच सांगतो, त्यामुळे ऐकणार कोण?

लिगॅन्ड्रॉल म्हणजे काय?

लिगॅन्ड्रॉलचं दुसरं नाव एलजीडी-४०३३. हे ‘सार्म’ नावाच्या गटातलं रसायन आहे. आजारपणात किंवा म्हातारपणी स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, त्यावर इलाज म्हणून या गटावर संशोधन सुरू झालं. स्टेरॉइडसारखं ते स्नायू वाढवतं, पण शरीराच्या बाकी भागांवर कमी परिणाम व्हावा अशी कल्पना होती. औषध म्हणून त्याला अजून कुठल्याही देशात मंजुरी नाही.

तरीही ऑनलाइन ते विकलं जातं. कधी उघड नावाने, तर कधी दुसऱ्याच पावडर-गोळीत मिसळून, लेबलवर न लिहिता. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच सार्म असलेल्या बॉडीबिल्डिंग उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं. खेळात मात्र ते पूर्ण बंद आहे, स्पर्धा असो वा नसो.

डोप टेस्ट कशी होते?

स्टेप बाय स्टेप बघूया:

१. अधिकारी न सांगता येतो. घरी, सरावाला, हॉटेलवर, कुठेही. खेळाडूला त्याच्यासमोरच लघवीचा नमुना द्यावा लागतो. कमीत कमी ९० मिलिलिटर.

२. तो नमुना दोन बाटल्यांत भरतात, ए आणि बी. झाकण एकदा बसलं की फोडल्याशिवाय उघडत नाही. बाटलीवर फक्त कोड नंबर असतो. लॅबला खेळाडूचं नाव माहीत नसतं.

३. नमुना वाडाची मान्यता असलेल्या लॅबमध्ये जातो. वाडा म्हणजे १९९९ मध्ये स्थापन झालेली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था.

४. आधी ए बाटली तपासतात. त्यात काही सापडलं तर खेळाडूला कळवतात. तो बी बाटली उघडायला सांगू शकतो आणि त्या वेळी स्वतः हजर राहू शकतो किंवा आपला माणूस पाठवू शकतो.

५. उरलेला नमुना १० वर्षांपर्यंत जपून ठेवता येतो. उद्या मशीन सुधारलं, की आजचा नमुना पुन्हा तपासता येतो.

लॅबमधलं मशीन काय करतं?

शाळेत विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग केला असेल: फिल्टर पेपरवर शाईचा ठिपका द्यायचा, टोक पाण्यात बुडवायचं आणि शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. यालाच क्रोमॅटोग्राफी म्हणतात. लॅबमध्ये तेच काम एका बारीक नळीत होतं. नमुन्यातली हजारो रसायनं त्या नळीतून वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि एकेक करून बाहेर पडतात.

बाहेर पडणारं रसायन थेट दुसऱ्या मशीनमध्ये जातं, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. तिथे रेणूला विद्युतभार देऊन त्याचं वजन घेतात, मग तो फोडतात आणि तुकड्यांचंही वजन घेतात. कुठला रेणू फुटला की कुठल्या वजनाचे तुकडे पडतात हे ठरलेलं असतं. म्हणून हे तुकडे बोटांच्या ठशांसारखे ओळखता येतात. मूळ रसायन पचून गेलं असलं तरी शरीराने त्याचे जे अवशेष तयार केले, तेही लॅब शोधते.

हे मशीन किती बारीक बघतं?

एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. डोप टेस्टमध्ये बऱ्याचदा एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्रमाण पकडलं जातं. हा आकडा डोक्यात बसावा म्हणून मी साधा हिशोब केला.

ऑलिंपिकचा पूल ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि समजा २ मीटर खोल. म्हणजे २५ लाख लिटर पाणी. त्यात एका मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम या प्रमाणात साखर करायची असेल, तर अख्ख्या पुलात लागेल फक्त अडीच ग्रॅम. साधारण अर्धा चमचा! आणि प्रमाण त्याच्या दहाव्या भागाचं असेल तर पाव ग्रॅम, म्हणजे एक चिमूट. पुलाच्या कोणत्याही कोपऱ्यातून घेतलेल्या बाटलीभर पाण्यात हे मशीन ती चिमूट शोधून काढू शकतं.

तंत्रज्ञान म्हणून हे भारीच आहे, यात वाद नाही. पण अडचणही इथूनच सुरू होते.

मशीनला काय कळत नाही?

समजा मित्राचा फोन तुमच्या हातात आला आणि बॅटरी २ टक्के दिसतेय. यावरून सांगता येईल का, की सकाळी १०० टक्के होती आणि दिवसभर गेम खेळून संपली? की बंद पडलेला फोन आत्ताच मिनिटभर चार्जिंगला लावला होता? स्क्रीनवर दोन्ही वेळा २ टक्केच दिसणार.

लघवीतल्या अगदी थोड्या औषधाचं असंच असतं. खेळाडूने काही दिवसांपूर्वी मोठा डोस घेतला आणि आता त्याचं शेपूट उरलंय, असं असू शकतं. किंवा कालच एखाद्या भेसळीच्या पावडरीतून कणभर पोटात गेलं, असंही असू शकतं. एकाच टेस्टचा आकडा दोन्हीला जुळतो. थोड्या दिवसांच्या अंतराने आणखी नमुने असतील, तर घट कशी होतेय यावरून अंदाज बांधता येतो. नाहीतर मशीन सांगतं, ‘आहे आणि इतकं आहे.’ ते कसं आलं, कोणी आणलं, मुद्दाम की नकळत, हे त्याच्या कामातच बसत नाही.

मग याचं उत्तर द्यायचं कोणी? नियम सांगतो, खेळाडूने. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुझीच, हे डोपिंगच्या नियमांचं मूळ तत्त्व आहे. ऐकायला कठोर वाटतं, पण कारण समजण्यासारखं आहे. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सुटका झाली असती तर सगळेच सुटले असते.

शायनाचा निकाल काय लागला?

लिगॅन्ड्रॉलसारख्या औषधासाठी ठरलेली शिक्षा चार वर्षांची बंदी. ‘मुद्दाम घेतलं नाही’ हे खेळाडूने पटवून दिलं तर ती दोन वर्षांवर येते. त्याहून कमी करायची असेल तर औषध नेमकं कुठून आलं हे दाखवावं लागतं.

शायनावर आधी चार वर्षांचीच बंदी आली. तिने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली. लिगॅन्ड्रॉल कुठून आलं हे तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. पण नोव्हेंबर २०२० मध्ये लवादाने मान्य केलं की तिने ते मुद्दाम घेतलेलं नसण्याची शक्यता जास्त आहे. बंदी दोन वर्षांवर आली. यानंतर ऑस्ट्रेलियाची डोपिंगविरोधी यंत्रणा आणि वाडा दोघेही अपिलात गेले. खर्च इतका वाढला की शायनाला लोकांकडून ऑनलाइन वर्गणी मागावी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये ते अपीलही फेटाळलं गेलं.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन वर्षं जुलै २०२१ मध्ये संपली, पण ऑस्ट्रेलियाची निवड चाचणी जूनमध्येच झाली होती. टोकियोत तिच्या देशाच्या रिले टीमने ३ मिनिटं २९.६९ सेकंदात विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. शायना त्या टीममध्ये नव्हती.

अशा आणखी केसेस आहेत का?

हो, आणि प्रत्येकीतून वेगळी गोष्ट कळते.

रिक डेमॉन्ट, अमेरिका, १९७२: म्युनिक ऑलिंपिकमध्ये १६ वर्षांच्या रिकने ४०० मीटर फ्रीस्टाइल एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली. त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन होतं, टेस्टमध्ये ते सापडलं आणि सुवर्ण काढून घेतलं. औषधाचं नाव त्याने आधीच फॉर्मवर लिहिलं होतं, पण त्याच्या टीमच्या लोकांनी ते पुढे मंजूर करून घेतलं नाही. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये मान्य केलं की रिकने माहिती नीट दिली होती. पदक मात्र परत मिळालं नाही. इथे औषध कुठून आलं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी उपयोग झाला नाही.

मॅडिसिन कॉक्स, अमेरिका, २०१८: टेस्टमध्ये ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकाराचं औषध अत्यल्प प्रमाणात सापडलं. दोन वर्षांची बंदी आली. नंतर तिची रोजची मल्टिव्हिटॅमिनची गोळी लॅबमध्ये तपासली, सीलबंद बाटलीसकट, आणि तेच औषध त्यात निघालं. लेबलवर त्याचं नावही नव्हतं. बंदी सहा महिन्यांवर आली. गोळी सापडली म्हणून ती वाचली. शायनाला तशी गोळी सापडली नाही.

चीनचे २३ जलतरणपटू, २०२१: यांच्याही नमुन्यांत ट्रायमेटाझिडीन सापडलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात आलं असा निष्कर्ष चीनच्या यंत्रणेने काढला, वाडाने अपील केलं नाही आणि कोणावरही बंदी आली नाही. २०२४ मध्ये पत्रकारांनी हे बाहेर काढल्यावर मोठा वाद झाला. मशीन सगळीकडे एकाच तंत्राचं, पण पुढची चौकशी कोण आणि कशी करतं यावर खेळाडूचं नशीब ठरतं. लोकांचा राग याच गोष्टीवर होता.

नियमही हळूहळू बदलत आहेत. काही देशांत जनावरांना क्लेनब्युटेरॉल दिलं जातं आणि ते मांसातून माणसाच्या पोटात जातं. म्हणून लघवीत त्याचं प्रमाण मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम किंवा कमी असेल तर लगेच दोषी न ठरवता आधी चौकशी करतात.

खेळाडूच्या फोनमध्ये काय असतं?

मोठ्या स्तरावरच्या निवडक खेळाडूंना पुढच्या तीन महिन्यांत आपण रोज कुठे असू हे आधीच कळवावं लागतं. रोजचा एक तास असा द्यायचा, जेव्हा अधिकारी आला तर खेळाडू सापडलाच पाहिजे. यासाठी वाडाचं ‘अ‍ॅथलीट सेंट्रल’ नावाचं अ‍ॅप आहे. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली, म्हणजे सापडला नाही किंवा माहितीच भरली नाही, तर एकही टेस्ट फेल न होता दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

आपल्याकडच्या मुलामुलींनी काय काळजी घ्यावी?

‘दादा, ही पावडर घेऊ का?’ असे मेसेज मला येत असतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे घे किंवा नको घेऊ असं सांगत नाही. पण जिल्हा, राज्य किंवा विद्यापीठ स्तरावर खेळत असाल तर एवढं माहीत हवंच:

– भारतात २०२२ पासून डोपिंगविरोधी कायदा आहे आणि टेस्ट नाडा ही राष्ट्रीय संस्था करते. ‘मी अजून ज्युनियर आहे’ म्हणून टेस्ट होणार नाही, असं धरून चालू नका.

– सप्लिमेंटच्या डब्यावरचा एफएसएसएआय नंबर हा अन्न परवान्याचा असतो. आत बंदी असलेलं काही नाही, याची ती खात्री नाही. वाडा कुठल्याही सप्लिमेंटला मान्यता देत नाही, त्यामुळे ‘वाडा अप्रूव्ह्ड’ लिहिलेलं दिसलं तर तिथेच सावध व्हा.

– ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखे शिक्के असलेल्या मालाची बॅच तपासलेली असते. धोका कमी होतो, शून्य होत नाही. डब्यावरचा बॅच नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा.

– घेत असाल ते प्रत्येक औषध आणि सप्लिमेंट, त्याचं लेबल, बॅच नंबर आणि बिल, सगळ्याचे फोटो फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. जमलं तर थोडा माल सीलबंद बाजूला ठेवा. कॉक्सला ज्या गोष्टीने वाचवलं ती हीच.

– साधं खोकल्याचं औषधसुद्धा वाचून घ्या. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ज्यावर खेळात कायम बंदी आहे. डॉक्टरांना आधीच सांगा की मी स्पर्धेत खेळतो.

– औषधाचं नाव टाकून तपासायला नाडाचं ‘नो युअर मेडिसिन’ अ‍ॅप आहे. ते औषधांसाठी आहे, पावडरीत कोणी काय मिसळलंय ते अ‍ॅप सांगू शकत नाही.

– दमा किंवा दुसऱ्या आजारासाठी बंदी असलेलं औषध लागतच असेल तर ‘टीयूई’ म्हणजे उपचारासाठीची सूट मागता येते. अर्ज आधी करायचा असतो आणि मंजुरीचा कागद स्वतःकडे ठेवायचा.

शायनाचं पुढे काय झालं?

ती परत आली. २०२३ मध्ये जपानमध्ये फुकुओका इथे ऑस्ट्रेलियाच्या रिले टीमने ३ मिनिटं २७.९६ सेकंदांचा नवा विश्वविक्रम केला, त्यात शायना होती. त्याच स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिने वैयक्तिक रौप्यही जिंकलं. मग आलं पॅरिस ऑलिंपिक. मॉली ओकॅलाहन, शायना जॅक, एमा मॅकिऑन आणि मेग हॅरिस यांनी ३ मिनिटं २८.९२ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. तारीख होती २७ जुलै २०२४. तिची बातमी फुटली त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

लिगॅन्ड्रॉल तिच्या शरीरात कसं आलं, हे आजही कोणाला सांगता आलेलं नाही. तिच्यावर संशय घेणारे आहेत आणि विश्वास ठेवणारेही. लवादाने कागदपत्रं आणि साक्षी बघून जे ठरवलं ते मी वर दिलं आहे.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी ‘डोप टेस्टमध्ये फेल’ अशी बातमी दिसली तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी शोधा: कुठलं औषध, किती प्रमाण, आणि ते कुठून आलं हे कळलं का? पहिल्या दोन गोष्टी मशीन सांगतं. तिसरीसाठी चौकशी लागते, आणि तिला कधी कधी खेळाडूच्या करिअरची दोन-दोन वर्षं लागतात.

माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या खेळणाऱ्या मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या लेखात.